राबायला हवेत, राहायला नकोत

वाचकहो, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले गांधी मैदान तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्या गांधीजींचे नाव त्या मैदानाला आहे, त्यांनी राजकारणात ज्यांना आपले गुरू मानले, ते गोपाळ कृष्ण गोखले याच कोल्हापुरात शिकले. पेठेतून चालत निघालात तर भवानी मंडपाजवळचे राजाराम हायस्कूल काही फार लांब नाही. आज मी तुम्हांला सांगणार आहे ती हकिगत मात्र समुद्रापलीकडची, दक्षिण आफ्रिकेतली आहे. तिचे एक टोक तिकडच्या उसाच्या मळ्यांत आहे, आणि दुसरे टोक इथे, आपल्या कागल-कोल्हापुरात आहे.

प्रश्न साधा आहे, आणि तो आपल्या शिवारातलाच आहे. दिवाळी झाली की आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाने उचल दिलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. पालात संसार, पाचटात पोरे. हंगाम संपला की गाडी परत. या माणसांचे हात आपल्याला हवे असतात. पण त्यांची मुले कुठल्या शाळेत जातात, त्यांचे रेशन कुठे मिळते, आजारपणात त्यांना कोण विचारतो, हे आपण फारसे पाहत नाही. हे लोक निदान आपल्याच राज्यातले, आपल्याच देशातले असतात. आता असे समजा, की असाच मजूर परक्या मुलखात, परक्या सरकारच्या हाताखाली गेला. तिथे त्याच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. एक, मालक वाईट निघाला तर तो बदलता येईल का? दोन, मुदत संपल्यावर त्या देशात राहता येईल का? तीन, बायकामुलांना जवळ ठेवता येईल का? शिक्षक बंधुभगिनींनी हे तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत. पुढची सगळी हकिगत याच तीन प्रश्नांची आहे.

आधी आपल्या विद्यार्थ्याची ओळख करून घेऊ. गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. वडील कृष्णराव कागलला नोकरीत होते, म्हणून गोपाळचे पहिले शिक्षण कागलला झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर तो कोल्हापूरला शिकायला आला. १८७९ साली वडील वारले. आता दोघांचे शिक्षण चालणार कसे? थोरले बंधू गोविंदराव अठरा वर्षांचे होते. त्यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागलला दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्याला कोल्हापूरला पाठवीत. गोपाळ १८८१ साली मॅट्रिक झाला, पुढच्या वर्षी राजाराम कॉलेजात गेला, आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला. हे १५ आणि ८ रुपये लक्षात ठेवा. हिशेबात त्यांचा पुढे उपयोग होणार आहे.

आता समुद्रापलीकडे जाऊ. इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला आणि पुढच्या वर्षापासून तो अमलात आला. गुलाम मोकळे झाले, पण ऊस उभाच होता. मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. १८३४ पासून मॉरिशस बेटावर करारावरचे मजूर जाऊ लागले. करार, म्हणजे इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि त्यावर जाणारा तो गिरमिटिया. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे मॉरिशसला उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली मराठी माणसेही होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज मॉरिशसची नागरिक आहेत आणि तिथल्या शाळांतून मराठी शिकवली जाते. पण त्यांच्या पूर्वजांना काय सोसावे लागले? १८६७ च्या कायद्याप्रमाणे करार संपलेल्या मजुरालाही आपले छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो जवळ नसला की माणूस भटक्या ठरे आणि थेट तुरुंगात जाई.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचे पहिले जहाज डरबनला लागले. ते मद्रासहून निघाले होते. तिथेही पीक उसाचेच. १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक मजूर नाताळला गेले, ते बहुतेक मद्रास आणि कलकत्ता या बंदरांतून. करार पाच वर्षांचा. पगार पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, आणि दरवर्षी एकेक शिलिंग वाढ. म्हणजे पाचव्या वर्षी चौदा शिलिंग. मालक बदलायचा नाही, परवानगीवाचून मळा सोडायचा नाही. काम सोडले तर तो दिवाणी वाद नसे, फौजदारी गुन्हा ठरे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले: मालक बदलता येत नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आरंभी बरे होते. पाच वर्षांचा करार संपला की माणूस मोकळा. आणखी पाच वर्षे त्या वसाहतीत काढली की परतीचे तिकीट फुकट. सुरुवातीच्या काळात तिकिटाऐवजी तेवढ्या किमतीची जमीन घेण्याचीही सोय कायद्यात होती. पुष्कळांनी तिथेच राहायचे ठरवले. कोणी भाजीपाला लावला, कोणी मका केला, कोणी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार माल विकला. त्यांच्या पाठोपाठ गुजरातेतले व्यापारी स्वतःच्या खर्चाने गेले. आपल्या कोकणातले मुसलमान बांधवही केप टाऊनकडे जाऊन राहिले. आता गोऱ्या दुकानदाराच्या आणि बागायतदाराच्या पोटात दुखू लागले. कालपर्यंत मळ्यात वाकलेला माणूस आज बाजारात शेजारी बसून स्वस्त भाजी विकतो, हे त्यांना खपेना. बघा, मजूर म्हणून तो हवाच होता. शेजारी म्हणून नको होता.

नाताळला १८९३ साली स्वतःचा कारभार मिळाला आणि तिथल्या गोऱ्यांनी कायदा करायला घेतला. करार संपलेल्या हिंदी मजुराने एक तर पुन्हा करार लिहून द्यावा, नाही तर हिंदुस्थानात परत जावे. दोन्ही नको असेल तर वर्षाला २५ पौंड डोईपट्टी भरावी, असा मूळ बेत होता. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी २५ चे ३ पौंड केले आणि त्याला संमती दिली. १८९५ चा तो कायदा. पट्टी एकट्या पुरुषावर नव्हती, बायकोवरही होती. सोळा वर्षांवरच्या मुलावर आणि तेरा वर्षांवरच्या मुलीवरही ती बसवण्यात आली.

आता हिशेब करा. गुरुजींनी हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. वीस शिलिंगांचा एक पौंड. नवरा, बायको, मुलगा, मुलगी मिळून चार माणसांचे वर्षाला १२ पौंड, म्हणजे २४० शिलिंग. आणि नवऱ्याची कमाई? महिना १४ शिलिंग धरली तरी वर्षाचे १६८ शिलिंग. म्हणजे पोटाला घास न घालता सगळी कमाई भरली, तरी ७२ शिलिंग बाकी उरतातच. हीच गोष्ट आपल्या रुपयांत पहा. १८९९ नंतर पौंडाचा भाव १५ रुपये ठरला होता. या भावाने एका डोक्याचे तीन पौंड म्हणजे ४५ रुपये. गोविंदराव गोखल्यांनी शिक्षण सोडून कागलला जी नोकरी धरली, तिच्या तीन महिन्यांचा हा पगार. धाकट्या भावाला कोल्हापुरात ज्या ८ रुपयांवर महिना काढावा लागला, त्या हिशेबाने ही साडेपाच महिन्यांहून अधिक काळाची शिदोरी. ८ रुपयांत महिना काढलेल्या माणसाला तीन पौंडांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

तेव्हा या पट्टीचा हेतू तिजोरी भरण्याचा नव्हता. माणूस पुन्हा गिरमिटात जावा, नाही तर देश सोडून जावा, हा हेतू होता. सरकारने त्याला उघड हाकलून दिले नाही. राहणेच इतके महाग केले की राहता येऊ नये. ही युक्ती नीट समजून घ्या, कारण ती पुढेही वेगवेगळ्या वेषांत भेटते. १८९७ साली नाताळने नव्याने येणाऱ्यांसाठी कायदा केला. त्यात रंगाचा उल्लेख नव्हता. युरोपातल्या एखाद्या भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढीच अट. त्याच वर्षी दुकानाचे परवाने देण्या-नाकारण्याचा अधिकार एका अधिकाऱ्याच्या हाती दिला. ट्रान्सवालमध्ये १९०६ साली हिंदी लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी असा फतवा निघाला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली आणि हा काळा कायदा पाळायचा नाही अशी शपथ लोकांनी घेतली. सत्याग्रहाचा जन्म तो.

इकडे गोखले व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात होते. त्यांनी ओळखले की नाताळच्या गोऱ्यांना एकाच गोष्टीची गरज आहे, ती म्हणजे नवे मजूर. तेव्हा नाडी तिथेच दाबली पाहिजे. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी ठराव मांडला, की नाताळसाठी करारावर मजूर भरती करणे बंद करावे. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी याच्याही पुढचा ठराव आणला. गिरमिटाची पद्धत सगळ्याच वसाहतींतून उठवावी, असे त्यात म्हटले होते. हिंदी सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण सरकारी मतांच्या जोरावर ठराव पडला.

त्याच वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली, तरी २२ ऑक्टोबर १९१२ ला ते केप टाऊनला उतरले. पुढे किंबर्ली, जोहान्सबर्ग, डरबन, प्रिटोरिया असा त्यांचा दौरा झाला. डरबनला त्यांनी पट्टीखाली भरडलेल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकली.

या दौऱ्यातली एक गोष्ट आपल्याला विशेष जवळची आहे, आणि ती गांधीजींनी स्वतः लिहून ठेवली आहे. सभांत कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू असत. गांधीजींनी सुचवले, की गोखल्यांनी त्यांच्यासाठी मराठीत बोलावे आणि मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गोखल्यांना हसू आवरेना. तुमच्या हिंदुस्थानीचा अंदाज मला आला आहे, आता हे मराठी तुम्ही कुठून शिकलात, अशी त्यांनी थट्टा केली. पण सूचना मानली. तिथून पुढे झांझिबारपर्यंत ते मराठीतच बोलत राहिले. विचार करा, बायकामुलांच्या हक्काचा प्रश्न ज्याच्या मानेवर बसला आहे, अशा खेडच्या-दापोलीच्या माणसाला आफ्रिकेत कोणी मोठा पुढारी आपल्या बोलीत समजावून सांगतो, याने त्याला केवढा धीर आला असेल! बाहेरगावी नोकरीला गेलेल्यालाच परमुलखात कानावर आलेल्या आपल्या भाषेची किंमत कळते.

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियाला गोखले पंतप्रधान जनरल बोथा आणि मंत्री जनरल स्मट्स यांना भेटले. भेटीहून परतल्यावर त्यांनी गांधीजींना सांगितले, की काळा कायदा रद्द होईल आणि तीन पौंडांची पट्टीही जाईल. गांधीजींना शंका होती. या मंत्र्यांना मी अधिक ओळखतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

शंका खरी ठरली. १९१३ साली स्मट्स यांनी तिथल्या पार्लमेंटात सांगितले, की नाताळमधल्या गोऱ्यांचा विरोध असल्यामुळे पट्टी काढता येत नाही. एक बारीक गोष्ट इथे ध्यानात घ्या. तोपर्यंत ही पट्टी सत्याग्रहाच्या मागण्यांत नव्हती, आणि मध्येच नवी मागणी घुसडायची नाही असा गांधीजींचा नेम होता. पण गोखल्यांना दिलेला शब्द मोडला, म्हणजे हिंदुस्थानच्या प्रतिनिधीचाच अपमान झाला. त्यामुळे पट्टीला सत्याग्रहात वाट मिळाली. आणि पट्टी आली म्हणजे मळ्यातला आणि खाणीतला गरीब मजूर लढ्यात आला. तोवर लढा मुख्यतः व्यापाऱ्यांचा आणि फेरीवाल्यांचा होता.

त्याच वर्षी आपल्या तिसऱ्या प्रश्नावर घाव बसला. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न येण्या-राहण्याच्या कायद्यापुरते लग्न मानता येणार नाही. नवरा वर्षानुवर्षे तिथे राहत असेल. तो आपल्या बायकोला गावाहून आणायला गेला, तर ती बंदरावर बायको म्हणून उतरू शकत नव्हती. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्यांच्याच लग्नांवर गदा आली. मुलांचे काय? वारसाचे काय? सात फेरे घेऊन, नाही तर निकाह लावून आलेली घरधनीण कायद्याच्या डोळ्यांनी कोणीच नव्हे!

मग बायका लढ्यात उतरल्या. १५ सप्टेंबर १९१३ ला फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची तुकडी निघाली. तिच्यात कस्तुरबा होत्या. परवानगीवाचून ट्रान्सवालची हद्द ओलांडायची आणि अटक करून घ्यायची, हा बेत. २३ सप्टेंबरला त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसऱ्या बायका न्यूकॅसलच्या कोळसाखाणींकडे गेल्या आणि त्यांनी मजुरांना पट्टीविरुद्ध संप करायला सांगितले. खाणी ओस पडल्या. ६ नोव्हेंबरला चार्ल्सटाऊनहून मोर्चा निघाला. त्यात २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुले होती. वाटेत गांधीजींना पुन्हा पुन्हा पकडले, शेवटी मोर्चेकऱ्यांना पकडून नाताळला परत नेले आणि खाणींच्या आवारांनाच तुरुंग ठरवले. संपाचे लोण उसाच्या मळ्यांत पोचले. तिथे गोळीबार झाला, माणसे मेली. तुरुंगातून तापाने फणफणत बाहेर आलेली वल्लिअम्मा ही तमिळ मुलगी २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आपल्या आठवी-नववीच्या वर्गातल्या मुलीहून फार मोठी नव्हे.

इकडे गोखले आजारी असूनही तारांवर तारा पाठवीत होते, पैसे उभे करीत होते. गावोगाव निषेधाच्या सभा झाल्या. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी नोव्हेंबर १९१३ मध्ये मद्रासला भाषण करून सत्याग्रहींबद्दल उघड सहानुभूती दाखवली. इंग्रजी राज्याच्या मुख्य अधिकाऱ्याने साम्राज्यातल्याच दुसऱ्या सरकारविरुद्ध असे बोलणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. गोखल्यांनी सी. एफ. अँड्रूज आणि पिअर्सन यांना डरबनला पाठवले. शेवटी चौकशी समिती बसली, ३० जून १९१४ रोजी गांधीजी आणि स्मट्स यांच्यात पत्रांची देवघेव झाली आणि हिंदी लोकांच्या सवलतीचा कायदा मंजूर झाला.

त्यात काय मिळाले? तीन पौंडांची पट्टी रद्द झाली. हिंदी रीतीने लागलेले लग्न, एका बायकोपुरते, मान्य झाले. ती बायको आणि अज्ञान मुले यांना आणता येऊ लागले. रहिवासाच्या जुन्या दाखल्यावर अंगठा असेल तर तो पक्का पुरावा मानायचे ठरले. जे मिळाले नाही तेही सांगितले पाहिजे. दुकानाच्या परवान्याचा जाच राहिला. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्याची मोकळीक मिळाली नाही. मताचा हक्क मिळाला नाही. आणि त्याच १९१३ साली त्या देशाच्या मूळ आफ्रिकन लोकांविरुद्ध जमिनीचा कायदा झाला, आणि देशातल्या सुमारे सात टक्के जमिनीबाहेर त्यांना जमीन घेण्याची बंदी झाली. हिंदी लोकांचा लढा आपल्या हक्कांपुरता होता. त्या भूमीच्या लेकरांचे दुःख त्यात आले नाही. आज आपण ही हकिगत वाचताना ते विसरू नये.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले. गिरमिटाची भरती सगळीकडे बंद झाली ती १९१७ साली, आणि १ जानेवारी १९२० ला उरलेले करारही सुटले. त्यांचा पडलेला ठराव अखेर खरा झाला, पण तो त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या मागे भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री १९२७ साली हिंदुस्थान सरकारचे पहिले प्रतिनिधी म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. तरी तिथल्या सरकारचे धोरण हेच राहिले, की हिंदी माणूस हा पाहुणा आहे आणि त्याने परत जावे. १९४६ साली जमिनीबाबत नवा जाचक कायदा झाला, तेव्हा भारताने तो प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. ‘ट्रुरो’ जहाज लागल्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी, १९६१ साली, हिंदी लोक हे देशाचे कायमचे रहिवासी आहेत असे तिथल्या सरकारने मानले. सगळ्यांना सारखे मत मिळाले ते १९९४ साली.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली इंग्रजांच्या राज्यातली जुनी गोष्ट. तर नव्या काळातला एक दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कारखाने उभे राहिले आणि माणसे कमी पडू लागली. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला. त्या कामगारांना नाव दिले ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हणजे जाणारा! आरंभी दोन वर्षांचीच मुदत होती आणि बायकामुलांना आणण्याची तजवीज करारात नव्हती. पण शिकवून तयार केलेला कामगार दोन वर्षांनी परत पाठवायचा आणि नवा आणायचा, हे कारखानदारांनाच परवडेना. म्हणून १९६४ साली ती मुदत काढली. १९७३ च्या नोव्हेंबरात मंदीमुळे भरती बंद झाली. तेव्हा सरकारला वाटले, आता लोक परततील. झाले उलटेच. एकदा बाहेर गेलो तर पुन्हा येता यायचे नाही, या धास्तीने कामगारांनी बायकामुलांनाच तिकडे नेले.

दरम्यान १२ सप्टेंबर १९६३ रोजी अंकारा येथे तुर्कस्तान आणि युरोपचा आर्थिक समुदाय यांच्यात करार झाला होता. त्याखाली १९८० साली जो निर्णय झाला, त्यात पायऱ्या घालून दिल्या. एक वर्ष कायदेशीर नोकरी झाली, की त्याच मालकाकडे परवाना वाढवून मिळण्याचा हक्क. तीन वर्षे झाली, की त्याच धंद्यात दुसरा मालक धरण्याची मुभा, फक्त युरोपीय समुदायाच्या कामगारांना आधी संधी देऊन. चार वर्षे झाली, की कुठलीही नोकरी. परवानगीने आलेल्या बायकामुलांनाही तीन वर्षांच्या रहिवासानंतर, तशाच अटीवर, आलेली नोकरी धरण्याचा हक्क, आणि पाच वर्षांनंतर मोकळीक.

कागदावर पायऱ्या होत्या, पण त्या चढू देतात की नाही, हा वाद कोर्टात गेला. १९८७ साली लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितले, की बायकोला आणू देण्याचा हक्क मूळ करारातून आपोआप निघत नाही. तो त्या त्या देशाच्या कायद्याचा प्रश्न. मात्र १९९० साली हॉलंडमधल्या एका तुर्की कामगाराच्या दाव्यात त्याच न्यायालयाने एक मोठी गोष्ट सांगितली. काम करण्याचा हक्क दिला असेल, तर राहण्याचा हक्क त्यात आलाच. राहायलाच मिळत नसेल, तर कामाच्या हक्काला अर्थ काय? नाताळच्या मळ्यातल्या निरक्षर गिरमिटियाने १८९५ साली हेच विचारले असते. त्याला विचारायला कोर्ट नव्हते, एवढाच फरक.

वाचकहो, आपल्याही गावागावांतून आज मुले बाहेर जातात. कोणी आखाती देशांत गवंडीकामाला, कोणी ड्रायव्हर म्हणून, कोणी जहाजावर. गिरमिट गेले, पण करार आहेतच. आखाती देशांत वर्षानुवर्षे कामगाराचा राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असे. मालक सुटला की परवाना सुटला. अलीकडे काही देशांनी ते नियम सैल केले आहेत. आपल्या देशातही १९८३ च्या कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे नेणाऱ्या दलालाला सरकारी नोंदणी सक्तीची केली. म्हणून गावातला पोरगा निघाला, की त्याला हार घालण्याच्या आधी त्याचा करार वाचा. तो परक्या भाषेत असेल तर गुरुजींनी समजावून सांगावा. दलालाची नोंदणी आहे का ते विचारा. पासपोर्ट कोणाच्या हाती राहणार, पगार कुठल्या नाण्यात, सुट्टी कधी, आजारपणाचा खर्च कोणाचा, हे विचारायला लाजू नका. आणि कराराची एक प्रत घरी ठेवा.

शिक्षकांसाठी आणखी एक. हा पाठ घेताना गोखले थोर की गांधी थोर, असा सामना लावू नका. कौन्सिलात ठराव मांडून भरतीची वाट बंद करणारा माणूस लागला, आणि कोळशाची खाण सोडून रस्त्यावर चालणारी माणसेही लागली. एकाने मालकाची गरज ओळखून नाडी दाबली, दुसऱ्यांनी तुरुंग सोसून ती दाबून धरली. मोर्च्यातल्या त्या १२७ बायकांची नावे बहुतेकांना ठाऊक नाहीत. मुलांना आकडा तरी पाठ असू द्या.

आणि ते तीन प्रश्न फळ्यावरून इतक्यात पुसू नका. मालक बदलता येतो का? मुदत संपल्यावर राहता येते का? बायकामुले जवळ ठेवता येतात का? परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलासाठी आपण हे विचारतो, ते योग्यच आहे. पण पुढच्या हंगामात आपल्या शिवारात कोयता घेऊन जे कुटुंब पाल ठोकील, त्यांच्यासाठीही ते विचारून पहा. त्यांच्यातले एखादे आठ-दहा वर्षांचे पोर पाचटाशी खेळताना दिसले, तर त्याला हाताला धरून शाळेत नेऊन बसवा. गोविंदरावांनी स्वतःच्या १५ रुपयांतले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला दिले. आपल्याकडून एवढे व्हायला काही हरकत नाही.